दोनशे छप्पनची गंगा

राजाजीनगरातल्या त्या सोसायटीच्या आवारात सकाळपासून माणसं आपापले मोबाइल कपाळाला लावत होती. पडद्यावर आकडा होता दोनशे छप्पन सेंटीमीटर. जमिनीखालची टाकी तीन मीटर खोल, टँकर बंद, तरी तिच्यात अडीच मीटरांच्या वर पाणी. आणि हयवदन महाराजांनी हाच आकडा तीन दिवस आधी सांगून ठेवला होता. पाताळगंगेला टँकरचा राग आहे, ते म्हणाले होते. टाकीला उपवास घडवा, टाकी तळाला गेली की मी सिद्ध केलेलं पातळीचं मीटर बसवा, गंगा येईल. ती आली. शिवाय वापरूनही आकडा हलेना, म्हणून लोक तिला अक्षयगंगा म्हणू लागले.

मुग्धाला मात्र एका जागी बसवेना. पुण्याहून आलेली ही मुलगी एका कंपनीत नेटवर्कचं काम करायची, आणि पाण्याची पातळी दाखवणारं ॲप सोसायटीसाठी तिनंच लिहिलं होतं. दोनशे छप्पन हा आकडा तिच्या कामात फार ओळखीचा. त्यात खाली पंप नुसताच घरघरत होता. सचिव मल्हाररावांची मुलगी संयोगिता आठ दिवसांची बाळंतीण, आणि तिच्या नळाची धार दोऱ्याएवढी झालेली.

मुग्धानं टाकीचं झाकण उघडून बांबू आत सोडला. वर काढला तेव्हा टोक जेमतेम नखभर ओलं होतं.

शंकेखोर नजर पडली की गंगा गुप्त होते, महाराज शांतपणे म्हणाले. माना डोलल्या. मल्हाररावांनाही ते पटलं; ते आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "स्वल्प थांब, मुग्धा. आकडा समोर दिसतोय ना?"

"अण्णा, मग मीही एक भविष्य सांगते. आत तीन बादल्या ओता. आकडा पाचशे बारा होईल."

आहे तेही पाणी घालवणार, अशी कुजबुज झाली. मल्हारराव थोडा वेळ संयोगिताच्या खिडकीकडे बघत राहिले, मग घरात भरून ठेवलेल्या बादल्या स्वतः घेऊन आले आणि टाकीत ओतल्या. पडद्यावर पाचशे बारा उमटले.

तीन मीटरांच्या टाकीत पाच मीटर पाणी.

मग मुग्धानं समजावून सांगितलं. मीटर आकडा दोन तुकड्यांत पाठवतं. हे नवं मीटर लहान तुकडा आधी पाठवतं, तिचं ॲप मात्र पहिला तुकडा मोठा धरून वाचतं. शून्य-एक लिहिलेलं उलट बाजूनं वाचलं तर एकाचे दहा होतात; इथे एका तुकड्यात शून्य ते दोनशे पंचावन्न मावतात, म्हणून एकाचे दोनशे छप्पन होतात. तळाशी एक सेंटीमीटर पाणी राहतं, ते पंपाला ओढता येत नाही, म्हणून आकडा अक्षय.

"पण ह्यांना आधी कसं कळलं?" मल्हाररावांनी विचारलं.

महाराज चपला शोधू लागले होते. बरंच खोदून विचारल्यावर त्यांनी कबूल केलं, की इंदिरानगरातल्या एका इमारतीत हेच मीटर बसवल्यावर हाच आकडा आला होता, आणि तिथे लोक आपणहून पाया पडले होते.

मल्हाररावांनी टँकरवाल्याला फोन लावला. मुग्धानं तिथेच जिन्यावर बसून कोडमधली एक ओळ बदलली. आकडा दोनवर आला.

"चूक माझी होती," ती सगळ्यांना म्हणाली. "मीटर बदललं तेव्हा मी तपासायला हवं होतं. तुम्ही महाराजांवर विश्वास ठेवलात, मी माझ्या ॲपवर. उद्यापासून माझंही ऐकू नका. झाकण उघडा आणि आत बघा."