लाल कान उजवा, निळा कान डावा

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो. गाण्यांचा नव्हे, कान तपासण्याचा. माझी लाल वाटी उजव्या कानाची आणि निळी डाव्या कानाची. अरबी बोलणाऱ्या स्फाक्स शहरातल्या एका दवाखान्यात, जाड भिंतींच्या बंद खोलीत माझं आयुष्य गेलं. मी नवा होतो तेव्हा डॉक्टर रौदा कौतुकाने म्हणायच्या, "याच्यातून मुंगी चालली तरी ऐकू येईल!" मी फुगून जायचो.

पुढे माझ्या गाद्यांना भेगा पडल्या. वायर धरून कुणीही मला ओढायचं. एकदा निळ्या वाटीची वायर मुळाशी सुटली. ती जोडून वर चिकटपट्टी लावली, पण तेव्हापासून जिवाला घोर लागला. गाण्याचा हेडफोन खरखरला तर गाणं बिघडतं. मी खरखरलो तर एखाद्या लेकराची शाळा सुटेल. डॉक्टर रोज सकाळी मला स्वतःच्या कानांवर लावून पाहायच्या, तरी माझी धाकधूक जात नसे.

एक दिवस रबाब आली. सोबत तिची आई मोंजिया, ऑलिव्हच्या तेलघाण्यावर काम करणारी. रबाबला मी बारीक बारीक सूर ऐकवले. प्रत्येक सुराला तिने हात वर केला. कागदावर आलं, कान उत्तम. मायलेकी हसत घरी गेल्या.

थोड्याच दिवसांत दोघी परत आल्या. मोंजियाचा चेहरा उतरला होता.

"बाई, तुम्ही कान चांगले म्हणालात आणि उलटंच झालं. मास्तर म्हणतात, कान चांगले आहेत ना, मग ही मुद्दामच करते."

"काय केलं हिने?"

"मास्तरांनी, सी लुत्फींनी, वाक्य लिहायला सांगितलं, आईचं हृदय मऊ असतं. हिने लिहिलं, आईचं कुत्रं मऊ असतं! वर्ग खिदळला. मास्तरांना वाटलं, टिंगल केली. आता म्हणतात, सुट्टीनंतर हिला आणू नका, मंद मुलांच्या शाळेत घाला."

मित्रांनो, आमच्या अरबी भाषेत 'सी' म्हणजे श्रीयुत, 'क़ल्ब' म्हणजे हृदय आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा. पहिला क घशाच्या तळातून येतो, दुसरा जिभेवरून. फरक एवढाच.

"मी ऐकलं तेच लिहिलं," रबाब पुटपुटली. "सर बोलत होते, तेव्हाच पंखापण बोलत होता."

डॉक्टर खुर्चीत सरसावून बसल्या. "आज सूर नकोत. आज शब्द."

त्यांनी माझ्या लाल वाटीतून एक शब्द आणि निळ्या वाटीतून दुसरा, दोन्ही एकदम सोडले. रबाबने दोन्ही सांगायचे होते. लाल वाटीतले शब्द ती पटापट सांगे. निळ्यातले हरवत होते. ही चूक तिची की माझी?

मोंजियाने नेमकं तेच विचारलं. "अहो, त्या निळ्याला चिकटपट्टी लावलीय! यंत्र म्हातारं, आणि खापर माझ्या पोरीवर?"

"शंका रास्त आहे," डॉक्टर म्हणाल्या. "उलटा करून बघू."

त्यांनी मला फिरवलं. आता निळी वाटी उजव्या कानावर आली. मी जीव मुठीत धरून शब्द सोडू लागलो. निळ्यातले सगळे शब्द रबाबने बिनचूक सांगितले. आता लाल वाटीतले हरवू लागले, कारण लाल वाटी आता डाव्या कानावर होती. माझी वायर निर्दोष होती. पण मला आनंद झाला नाही.

"एका तपासणीवर मी शिक्का मारत नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग गोंगाटातले शब्द, तुटक शब्द, घाईतले शब्द, सगळं तपासलं. "ही मंद नाही, उद्धटही नाही. कान आवाज आत आणतात, पण गर्दीतून शब्द वेचताना डोकं गोंधळतं. तूच बघ, मोंजिया."

त्यांनी मला मोंजियाच्या डोक्यावर चढवलं. माझ्यातून मासळीबाजाराचा कल्ला सुरू झाला आणि मधेच एक शब्द आला.

"कुत्रा," मोंजिया म्हणाली.

"मी हृदय म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाल्या.

"आई, तुझंपण कुत्रं!" रबाब खदखदून हसली. मोंजियाने तिला जवळ ओढलं. माझ्या गादीवर तिच्या तेलकट बोटांचा डाग आजही आहे.

मग सराव सुरू झाला. उजव्या कानात हळू, डाव्यात मोठ्याने, आणि हळूहळू दोन्ही सारखे. रबाब पंख्यापासून लांब, पहिल्या बाकावर बसू लागली. तिच्या कानाशी थेट आवाज जावा म्हणून मास्तरांच्या गळ्यात छोटा माइक आला. "माझ्या गळ्यात घंटा बांधताय की काय, डॉक्टर?" सी लुत्फी कुरकुरले. "बरं, सुट्टीपर्यंत बघतो."

सुट्टीआधी पुन्हा तसंच वाक्य लिहायला आलं. नेमका माइक त्या दिवशी बंद पडला. मी तिथे नव्हतो, रबाबनेच येऊन सांगितलं. तिने हात वर करून विचारलं होतं, "सर, घशातला की जिभेवरचा?" वर्ग हसला. सी लुत्फी उठले, पंखा बंद केला, तिच्यासमोर आले आणि शब्द पुन्हा म्हणाले.

तेव्हा मागच्या बाकांवरच्या दोघांनी गुपचूप खोडरबर काढलं.

सुट्टीनंतरही रबाब त्याच बाकावर बसते आहे.

मित्रांनो, मला वायर धरून ओढू नका, एवढीच माझ्यासाठी विनंती. आणि कुणी चुकीचं ऐकलं तर "बहिरा आहेस का?" म्हणू नका. पंखा बंद करा, समोर या, आणि पुन्हा एकदा सांगा.