दुपारच्या मुठीचा डबा

मित्रांनो, दिसायला मी एक जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा आहे. माझ्या पोटावर हिरव्या रंगाचा वाकडा क्रूस आहे. त्याला हसू नका. तो माझ्या मालकीणबाईंनी, चंद्रभागाबाईंनी, काडीने काढलेला आहे, आणि त्यांना चित्रकला मुळीच येत नव्हती.

जन्माने मी तेलाचा. माजलगावच्या बाजारात रिकामा झालो, तिथल्या एका कारागिराने मला झाकण बसवलं आणि मी धारूरजवळच्या एका वाडीत आलो. वाडीत दहा-बारा ख्रिस्ती घरं आणि एक छोटं चर्च आहे. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की चंद्रभागाबाई मला चुलीजवळ ठेवत. उपवासकाळाचे चाळीस दिवस दुपारी घरातली मोठी माणसं जेवत नसत. वाचलेली ज्वारी, माणशी एक मूठ, माझ्यात पडे. ईस्टरच्या आधी मला उचलून, ज्याच्याशी घराचा अबोला असेल त्याच्याच दारी न्यायचं, हा त्यांचा नियम होता. किती भांडणं मी मिटवली! फादर चर्चमध्ये माझं कौतुक करत, तेव्हा मला फार बरं वाटे.

चंद्रभागाबाई गेल्या आणि मी माळ्यावर गेलो. सहा वर्षं मी गंजके खिळे सांभाळले. खूप अपमान वाटला.

यंदा त्यांच्या सुनेने, वत्सलाबाईंनी, मला खाली काढून घासलं. मी आनंदलो, पण घरातली हवा बिघडलेली होती. वत्सलाबाईंचे पती आसाराम आणि धाकटा दीर नाथा तीन वर्षं बोलत नव्हते. बांधावरची बाभूळ नाथाने चोरून तोडली, असं आसारामने गावभर सांगितलं होतं. नाथा बिचारा बायकोला, संगीताला घेऊन ऊसतोडीला गेला होता.

वत्सलाबाई म्हणाल्या, "डबा भावजींच्या दारी जाईपर्यंत मी दुपारचं जेवणार न्हाई."

"तुला शुगर हाय. उपाशी ऱ्हाऊ नको म्हणलंय डॉक्टरनं," आसाराम ओरडला.

"मग लवकर न्या."

हा हट्ट मला पटला नाही. पण डब्याला कोण विचारतो? रोज दुपारी त्यांची मूठ माझ्यावर येई. तिसऱ्या आठवड्यात ती मूठ थरथरू लागली. पाचव्या आठवड्यात निम्मी ज्वारी बाहेर सांडू लागली. आसाराम ती गोळा करी आणि खाली मान घालून माझ्यात टाकी. मी भीतीने दिवस मोजत होतो.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी फादरांनी नावं वाचली. येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी ज्या बारा जणांचे पाय ते धुणार होते, त्यांत आसाराम होता. नाथाही त्याच आठवड्यात परतला. गुरुवारी दुपारी आसाराम नवा सदरा घालून निघाला. वत्सलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर घाम होता.

"पाय धुऊन घ्यायला जाताल," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अन् भावाच्या दारात पाय ठिवायला लाज वाटती?"

आसाराम उंबऱ्यात थांबला. मग मागे वळून त्याने मला उचललं.

नाथा दारातच उभा होता. "कशाला आलास?"

आसारामने मला खाली ठेवलं. मला वाटलं, हा परत फिरतो.

"बाभूळ मीच तोडलती," तो म्हणाला. "नाव तुझं घेतलं. लई चुकलं माझं."

नाथाच्या मुठी आवळल्या. त्याने माझ्यावरचा वाकडा क्रूस पाहिला. आईचा हात त्याने ओळखला.

"वैनी जेवल्या का?" त्याने विचारलं.

"न्हाई. चाळीस दिस झाले, दुपारचा घास न्हाई."

"अन् इथं उभा काय ऱ्हायलास?" नाथाने मला काखेत मारलं आणि तो धावत सुटला. मागून संगीता गूळ घेऊन पळाली.

वत्सलाबाई भिंतीशी डोळे मिटून पडल्या होत्या; गुळाचा खडा जिभेवर विरघळला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. संगीताने माझ्यातली ज्वारी दळून भाकरी थापली. चौघं एका ताटाभोवती बसली आणि दोघे भाऊ रडत रडत जेवले. त्या संध्याकाळी चर्चमध्ये अकरा जणांचेच पाय धुतले गेले.

मित्रांनो, आता मी पुन्हा रिकामा आहे. माझ्यात खिळे भरू नका. उपास करा, मूठही टाका, पण कुणाच्या दारी जायचं असेल तर पहिल्याच आठवड्यात जा. आमच्या घरी एका बाईचा हात थरथरेपर्यंत उशीर झाला होता.