सील न फोडलेला डबा

ऑर्विन हॅल्वर्सनच्या गॅरेजमध्ये एक कायदा होता, आणि तो मोडायची त्याच्या बायकोचीही कधी टाप झाली नाही. टेबलावर बंदुकीच्या दारूचा डबा एकच. जो डबा टेबलावर, तीच दारू मापाच्या यंत्रात. बाकीचे डबे कपाटात, कुलूप लावून. मोंटानातल्या त्या गावात घरी काडतुसं भरणारे ढीगभर होते, पण ऑर्विनइतका काटेकोर माणूस दुसरा नाही. कॅफेत कुणी म्हणालंच की, अरे बाबा, दुकानात आयती काडतुसं मिळतात, तर तो फणकारायचा, "रोज हॉटेलात गिळणाऱ्याने मला स्वयंपाक शिकवू नये."

शिकारीच्या हंगामाचा तो पहिला दिवस होता. गुडघा सुजल्यामुळे ऑर्विन घरीच होता. त्याची मुलगी डार्ला एकटीच एल्क हरणामागे डोंगरात गेली होती, त्याने गुरुवारी भरून दिलेली काडतुसं घेऊन. लेकीसाठी तो दरवर्षी भरायचा आणि वर्षभर मिशीला पीळ देत सांगायचा, माझ्या एका गोळीत माझ्या पोरीने हरण पाडलं.

यंदा मात्र दारू बदलावी लागली होती. जन्मभर वापरलेली जुनी दारू दुकानातून गायबच झाली. नवी मिळाली ती जात्याच संथ जळणारी, म्हणून माप मोठं. दारू बदलली की सगळं पहिल्यापासून करायचं असतं. थोडं भरायचं, मारून बघायचं, मग हळूहळू वाढवायचं. उन्हाळाभर ऑर्विनने तेच केलं होतं. त्यात पहिला डबा संपला, म्हणून हंगामासाठी त्याने दुसरा आणला होता.

गुडघ्याची सूज उतरली की आपणही जाऊ म्हणून तो सकाळी स्वतःची काडतुसं भरायला बसला. टेबलावरचा डबा ओढला, झाकण फिरवलं, आत बोट घातलं. बोटाला कागद लागला.

सील. जसंच्या तसं. ताणलेलं, गुळगुळीत, कुठे टाचणीचंही भोक नाही.

ऑर्विन त्या कागदाकडे बघत राहिला. डबा उघडलाच नव्हता, तर मग गुरुवारी डार्लाच्या काडतुसांत गेलं काय?

त्याने मान वर करून यंत्रावरच्या, दारू ओतायच्या पिवळट नळीकडे बघितलं. तळाला काळे दाणे होते. आणि मग आठवलं. गेल्या आठवड्यात शेजारच्या क्लिंटला त्याने उरलीसुरली जुनी दारू घालून काडतुसं भरून दिली होती. त्या जुन्या दारूचा डबा रिकामा झाला, तो फेकला. नळीतली काढायची राहिली, कारण क्लिंट सफरचंदाचा केक घेऊन आला आणि दोघे गप्पा मारत बसले. दुसऱ्या दिवशी नवा डबा आला, ऑर्विनने तो सवयीने टेबलावर ठेवला. गुरुवारी नळी भरलेली दिसली आणि पुढ्यात नवा डबा दिसला. कायदा म्हणत होता, आत नवीच आहे. त्याने नव्याचं मोठं माप लावलं, काट्यावर तोलून बघितलं. वजन अगदी बरोबर होतं, पण दारू जुनी होती, भडकन पेटणारी.

त्या दारूचं तेवढं माप म्हणजे रायफल मागून फुटते. आणि मागे माणसाचा गाल टेकलेला असतो.

"अरे देवा," तो मोठ्याने म्हणाला. "अरे देवा, हे मी काय केलं!"

त्याने फोन लावला. डोंगरात कुठला आलाय फोन! बाईचा आवाज आला, संपर्क होऊ शकत नाही. पुन्हा लावला. पुन्हा तीच मेली बाई. त्याने फोन फेकला आणि लंगडत पिकअपकडे धावला. गावापासून डोंगरापर्यंतची वाट कशी संपली ते त्याचं त्याला ठाऊक नाही. डोळ्यांपुढे फक्त डार्लाचा गाल होता, लहानपणी पडून खोक पडलेला, उजवा.

तिची गाडी पाइनच्या झाडांखाली उभी दिसली. ऑर्विन दार उघडून खाली उतरला, आणि त्याच क्षणी वरून आवाज आला.

एकच.

त्याने कान टवकारले. दुसरा आवाज आला नाही, कुणाची हाकही नाही. गुडघा गेला उडत! तो गवताला धरून, कधी ओणवा होऊन वर चढला. "डार्ला! डार्ला!" ओरडून घसा फाटला. चांगल्या गोळीचा आवाज एकच येतो आणि फुटलेल्या रायफलचाही एकच, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

चढ संपला तिथे नारिंगी जाकीट दिसलं. डार्ला उभी होती. पुढ्यात भलंमोठं हरण पडलं होतं आणि ती बाह्या सारून चाकू काढत होती.

"डॅडी? तू इथे कसा? आणि गुडघा—"

"हात दाखव."

"अरे पण झालंय काय?"

"हात दाखव म्हणतो ना! दोन्ही!" त्याने तिचे हात धरले, बोटं चाचपली, मग तिचा चेहरा वळवून गाल बघितला. शाबूत होता. म्हातारा तिथेच मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. डार्लाने बापाला असं कधी बघितलं नव्हतं, आईच्या मातीलाही नाही.

"जुनी दारू गेली गं त्यात," तो कसाबसा म्हणाला. "नवीच्या मापाने. तू वाचलीस कशी? एवढ्या मापाला रायफल टिकणं शक्य नाही. फुटायलाच हवी होती!"

डार्ला पांढरीफटक पडली होती. तिने खिशातून झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. अजून कोमट होती.

"ही तुझी नाही, डॅडी. दुकानातली आहे."

"म्हणजे?"

"दोन वर्षांपूर्वी हरण समोर उभं होतं आणि तुझं काडतूस नुसतं टिक वाजलं. घरी नेऊन उघडलं, तर आत दारूच नव्हती. एक कणही नाही." तिने नजर खाली वळवली. "तेव्हापासून मी दुकानातली वापरते. तुझी सगळी गाडीत सीटमागे आहेत. एकही मारलेलं नाही."

"पण पुंगळ्या तर तू मला परत आणून देत होतीस!"

"त्या दुकानातल्याच होत्या."

ऑर्विन तळहातावरच्या पुंगळीकडे बघत राहिला. आपण भरलेली पुंगळी तो शंभरात ओळखायचा, तशी शेखीच मिरवायचा. या परक्या पुंगळ्या त्याने दोन वर्षं हातात घेतल्या, कौतुकाने पुसल्या, खिडकीत मांडल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवल्या. आणि त्याला कळलं नाही.

"अख्खं गाव हसत असेल मला."

"कुणाला माहीत नाही. क्लिंटलासुद्धा नाही."

"मला का नाही बोललीस? मी काय तुला खाल्लं असतं?"

"बोलले असते तर तू दुसऱ्या दिवशी गॅरेजला कुलूप ठोकलं असतंस. मग सकाळी उठून काय केलं असतंस? आई गेल्यापासून तुझं आहे काय दुसरं? वाटलं, माझ्यापुरतं निभावलं की झालं."

दोघांनी हरण साफ केलं, मांसाची पोती ओढत उतारावरून त्याच्या पिकअपपर्यंत आणली. तिने सीटमागचे काडतुसांचे खोके काढले, तेही पिकअपमध्ये ठेवले. खोक्यांवर त्याच्याच अक्षरात तिचं नाव होतं. मग त्याने आपणहून गाडीची किल्ली तिच्यापुढे धरली.

"तू चालव. तुझी गाडी उद्या नेऊ."

खाली वाट एका रँचच्या कुरणातून जायची, तिथे हद्दीवर गुरांचं फाटक होतं. वळण यायच्या आधी डार्ला म्हणाली, "एवढा धावत आलास, फाटक उघडंच टाकलं असशील. आता गुरं बाहेर पडली असतील तर मालक आपल्याला सोलून काढेल."

"मोडलंसुद्धा असेल," ऑर्विन म्हणाला. "मला फाटक लागल्याचंच आठवत नाही."

गाडी वळली. फाटक बंद होतं. साखळी खुंटीला नीट अडकवलेली होती, तो नेहमी देतो तसा दुहेरी पीळ देऊन.

"बघ!" डार्ला जरा हसली. "लावलंयस की!"

ऑर्विनला हसू आलं नाही. म्हणजे तो उतरला होता. साखळी काढली, गाडी पुढे घेतली, पुन्हा उतरला, फाटक लावलं, पीळ दिला. पोरगी वर मरणाच्या दारात आहे असं वाटत असताना. त्याने खूप आठवून बघितलं. त्यातलं काही म्हणता काही त्याला आठवेना. हातांनी सगळं आपलं आपण उरकलं होतं, आणि तो तिथे नव्हताच.

साखळी काढायला डार्लाने दार उघडलं, तेव्हा त्याने तिची बाही धरली.

"घरी गेलो की दारूच्या कपाटाची किल्ली तू घे," तो म्हणाला. "आणि मी मागितली तरी देऊ नकोस."