खंडूमामांचं बटण

रावेतच्या आमच्या सोसायटीचं ॲप मी फुकटात बनवलं, आणि त्याला नावं ठेवायचा हक्क सगळ्यांनी पुरेपूर बजावला. चेअरमन मारुतराव तर रोज नवी खोट काढत. खरी खोट मात्र त्यांना दिसली नाही. मलाही नाही.

मी तीन वेगळ्या याद्या केल्या होत्या: मालक, भाडेकरू, वॉचमन. एक मोबाइल नंबर एकाच यादीत. दुसऱ्या यादीत टाकला की पहिलीतून गायब. वॉचमन मालकही असू शकतो, हे माझ्या इंजिनिअर डोक्यात शिरलंच नाही.

वास्तविक आमचे वॉचमन खंडूमामा, त्यांच्या शेतावरच आमच्या बिल्डिंगी उभ्या आहेत. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने त्यांना तीन फ्लॅट दिले. घरात करमेना म्हणून मामा गेटवर बसू लागले आणि तिथेच रमले.

रविवारच्या मीटिंगमध्ये मारुतरावांनी ठराव आणला: मामांना काढा, युनिफॉर्मवाली एजन्सी आणा. मतदान ॲपवर, फ्लॅटमागे एक मत. अर्धा तास उरला असताना ठराव दोन मतांनी पुढे होता. तेवढ्यात मामा फोन घेऊन माझ्याकडे आले.

"वर्षालीताई, माज्याकडं मत द्यायचं न्हाईच काही. गेट उघडायचं बटण हाय फकस्त."

"वॉचमनला कसलं मत?" मारुतराव म्हणाले.

"तीन फ्लॅट हायेत की माजे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी आहे, असं सगळ्यांसमोर सांगितलं आणि लॅपटॉप उघडला. माणसांची एकच यादी केली. भूमिकांची वेगळी, फ्लॅटची वेगळी. मग एकेका माणसाला त्याच्या भूमिका आणि त्याचे फ्लॅट जोडले, असतील तितके. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात हे. मारुतराव शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते, त्यामुळे मी मुद्दाम सावकाश टाइप केलं.

मामांच्या फोनवर मतदानाचं पान उघडलं. त्यांनी चष्मा पुसून तीनदा 'विरोध' दाबला. ठराव एका मताने पडला.

"स्वतःच्या नोकरीवर स्वतःच मत? हे नियमात बसतं का?" मारुतराव तावातावाने विचारू लागले. कुणीतरी नियमांची फाईल शोधायला गेलं. बाहेर जोरात हॉर्न वाजला.

मामा उठले, टोपी नीट केली. "तुमचं चालू द्या राव. पान्याचा टँकर आलाय, आन् गेटचं बटण अजून माज्याकडंच हाय."