सैल झाकणाचा थर्मास

ठकूची आई सांगून सांगून दमली होती. एवढं भिंतीला सांगितलं असतं तर तिचेही पोपडे गळले असते. ठकूचा बाप नुसता मान डोलवायचा.

माणूस देवभोळा, जिभेवर साखर. बस चालवायचा, पाळी संपवून घरी यायचा तोवर सहा वर्षांची ठकू पेंगुळलेली असायची. मग हा तिला मांडीवर आडवी घेऊन आपल्या ताटातले घास भरवणार, वर पेलाभर दूध पाजणार आणि तशीच निजवणार. दिवसभरात लेकीचं तोंड बघायला मिळायचं ते तेवढंच.

पण पोर वाळत चालली. झोपेत ठसका, सकाळी घोगरा आवाज, तोंडाला आंबूस वास. ‘छातीत जळतंय’ म्हणून ताट बाजूला सारायची. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच खेपेला फोड करून सांगितलं होतं: पोटाच्या तोंडाशी झडप असते, हिची सैल पडते, मग पोटातलं आंबट वर चढतं. औषध देते, पण थोडंथोडंच खायला द्या, आणि खाल्ल्यावर निदान दोन-तीन तास आडवी करू नका.

बापाने मान डोलावली. तिखट बंद केलं, औषध वेळेवर दिलं. मांडी काही सुटली नाही.

“अहो, बाई काय म्हणाल्या?”

“दोनच घास तर देतो गं. बापाच्या हातचं लेकराला बाधतं होय?”

देवा, याला समज दे, नाहीतर मला सोसायचं बळ तरी दे, असं पुटपुटत ती भांडी आदळायची.

पुढच्या खेपेला काट्यावर वजन आणखी घटलेलं दिसलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“असंच चाललं तर हिला दाखल करून, घशातून नळी घालून तपासावं लागेल. मी सांगितलेलं केलंत का?”

“सगळं केलं, बाई,” बाप म्हणाला.

“सगळं,” आई म्हणाली. “सोपं होतं ते सगळं.”

बाप चुळबुळला. मांडीवरची पिशवी कलली, तशी त्याने आतला चहाचा थर्मास झटकन उभा धरला. बाईंनी ते पाहिलं.

“असा धरून का बसलात?”

“झाकण सैल आहे त्याचं. आडवा झाला की सांडतो. बसमध्येसुद्धा उभाच बांधून ठेवतो.”

“रिकामा असला तरी?”

“रिकामा कसाही लोळला तरी काय बिघडतं? भरलेला असला की...” तो थांबला. थर्मासकडे बघितलं, मग ठकूकडे.

“इतके दिवस मी वेगळं काय सांगत होते?” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता.

“थर्मासचं नशीब थोर,” आई म्हणाली. “लेकीने काय पाप केलं होतं?”

बापाचे डोळे भरून आले. “पण मग मी हिला भेटायचं कधी?”

आईने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या डोलणाऱ्या मानेमागे एवढंच होतं तर. “हे विचारायला इतक्या खेपा लागल्या तुम्हाला?” ती म्हणाली, पण धार गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी, डेपोत बस विसावा घेत उभी असताना, मायलेकी डबा घेऊन मागच्या सीटवर येऊन बसू लागल्या. बाप घास भरवायचा, ठकू पाय हलवत खायची. काही आठवड्यांनी काटा वर सरकला, आवाजही मोकळा झाला.

एकदा जेवण होताच ठकू लाडात येऊन त्याच्या मांडीवर कलंडली. त्याने तिला बखोटीला धरून सरळ बसवलं.

“आडवं नाही व्हायचं गं बाई. आपलं झाकण सैल आहे.”

“मी सांगितलं तेव्हा काय कानात बोळे होते?” आई म्हणाली, आणि डब्याचं झाकण दोनदा दाबून बसवलं.