थोडं पाणी

लोखंडी पिंपात अकरा किलो कळीचा चुना, त्यावर आत्ताच ओतलेलं दोन बादल्या पाणी. शेजारी कालच्या विरलेल्या चुन्याची एक बादली, दोन कुंचे, ढवळायचा बांबू, जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा मग आणि पाण्यानं भरलेली टाकी. वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या त्या अंगणात माणसं चार: जगदेव, त्याची बायको रुख्मिणी, मुलगी वैजयंती आणि भिंतीपलीकडे राहणारा धाकटा भाऊ हरीओम. वैजयंती यंदाच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. खदखदत्या चुन्यात तिनं थर्मामीटर धरला होता.

"काय वं वैजू, चुन्याले ताप आला काय?" हरीओमनं विचारलं.

"ब्याण्णव, काका."

"मंग ने त्याले दवाखान्यात!"

जगदेव हसला नाही. दोन घरांमधली सामाईक भिंत तो रंगवत होता. मधल्या वाटणीच्या खुणेशी त्याचा कुंचा थांबला नाही.

"दादा, तिथून माही भिंत आहे."

"बापानं बांधली. तुही कायची?"

हरीओमनं कुंचा ओढला. जगदेवनं त्याच कुंच्याचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. रक्त थुंकत हरीओमनं पिंपातल्या चुन्यानं मग भरला आणि तो चुना भावाच्या तोंडावर फेकला.

जगदेव गुरासारखा ओरडत खाली पडला. वैजयंतीनं टाकीत बादली बुडवली, तर आईनं तिचा हात धरला.

"पानी नोको! आत्ताच पाह्यलं ना कसा उकयते! तेल आण!"

"वहिनी, सोडजो नोको तिले!" हरीओम ओरडला. "आंधया करन ते दादाले!"

या घरात सगळ्यांनी लहानपणापासून चुना विरवला होता. पाणी पडलं की चुना पेटतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"माय, डोयात पानी हायेच! थोड्या पान्यानंच जयते. लय टाकलं तर आग वाहून जाते!"

रुख्मिणीनं तिच्या थोबाडीत मारली. हरीओमनं वेणी धरून मागं खेचलं. वैजयंती त्याच्या मनगटाला चावली, हाती आलेला बांबू त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. आईला ढकलून ती बापाच्या छातीवर बसली, बोटांनी पापण्या फाकवल्या, ओढणीच्या टोकानं आतले खडे काढले आणि बादली ओतली. जगदेवनं तिचा गळा ओरबाडला, कानशिलावर बुक्की मारली. रुख्मिणी पाठीवर गुद्दे घालत होती. वैजयंतीनं पापण्या सोडल्या नाहीत. पांढरं पाणी अंगणभर पसरलं. दुसरी बादली. तिसरी.

"थंड लागून राह्यलं," जगदेव म्हणाला. "आणखी टाक."

रुख्मिणीचे हात थांबले. मग तिनंच बादली उचलली आणि टाकीकडे धावली. टाकीचा तळ दिसेपर्यंत ती भरून देत राहिली.

तीन आठवड्यांनी वाशीमच्या डॉक्टरांनी जगदेवला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली.

उजवा डोळा ६/९, जवळजवळ सगळ्या ओळी. डावा ६/६०, फक्त सर्वात वरचं मोठं अक्षर.