सुट्टीचा वार

मास्तरला सुधारणेचं वेड लागलं आणि त्यात पहिला बळी गेला तो सुट्टीचा. तसं मास्तर आणि कटर या दोघा मित्रांचं ते शिंप्याचं दुकान आठवडाभर उघडं असायचं. कटर कापड बेतायचा, मास्तर शिवायचा. दोघांचे धर्म वेगळे, प्रार्थनेचे वार वेगळे. एकाच्या वारी दुसरा दुकान सांभाळायचा. कधी कुरबूर नाही की काही नाही.

पण मास्तर सुधारक मंडळाच्या सभांना जायला लागला आणि त्याच्या डोक्यात घुसलं, कामाच्या जागी धर्म हवाच कशाला?

"सुट्टी एकच. साऱ्या शहराला असते ती," त्याने जाहीर केलं.

"अरे, त्या दिवशी आमची प्रार्थना नसते," कटर म्हणाला.

"मीही माझी सोडतोच की!"

वा रे त्याग! मास्तरचा देवावरचा विश्वास केव्हाच उडाला होता, त्याचं काय जाणार होतं? कटरचं जात होतं. पण त्याला मित्राचं मन मोडवेना. मास्तरने सभेत दुकानाचं उदाहरण देऊन टाळ्या मिळवल्या. कटरचं प्रार्थनाघर हळूहळू सुटलं. वर्षं गेली, तिथली जुनी माणसंही गेली.

मग कटरची बायको वारली. घरातच प्रार्थना करणारी बाई. जाता जाता एवढंच म्हणाली होती, "मला आपल्या प्रार्थनेशिवाय पोचवू नका."

प्रार्थना म्हणायला कुणाला तरी आणावं म्हणून मास्तर धावत कटरच्या प्रार्थनाघरी गेला. तिथला तरुण कारभारी काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "त्या नवराबायकोला आम्ही इथे कधी पाहिलं नाही. ते आमच्यातले, याची ग्वाही कोण देणार?"

"मी देतो! सारा जन्म एका दुकानात काढलाय."

"पण काका, तुम्ही आमच्यातले नाही ना."

मास्तर हात हलवत परतला. मेला कसला सुधारक मी, असं त्याला झालं. वहिनीच्या चेहऱ्याकडे बघायचीही त्याला लाज वाटली.

दफनभूमीत शेजारी जमले होते, सगळे मास्तरच्याच धर्माचे. शेवटी कटरनेच प्रार्थना सुरू केली. निम्म्यात अडखळला. पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, पुन्हा तिथेच अडला.

"पुढचं आठवत नाही रे," तो मास्तरकडे बघून म्हणाला.

मास्तरला त्यातला एक शब्द येत नव्हता. इतकी वर्षं शेजारी बसून त्याने तो कधी विचारलाच नव्हता.